६१ पट्ट्यांचा की-बोर्ड, आम्हा दोघींच्या घरात

घ्यावा का, याचं उत्तर आधीच देते. घरात सात-आठ वर्षांचं मूल असेल आणि शिकणं नुकतंच सुरू होत असेल, तर ६१ पट्ट्यांचा, टच रिस्पॉन्स असलेला (म्हणजे पट्टी हळू-जोरात दाबली तसा आवाज लहान-मोठा होणारा) की-बोर्ड डोळे झाकून घ्या. पियानोच्या परीक्षा द्यायच्या हे पक्कं ठरलं असेल तर थोडं थांबा, पैसे साठवा आणि ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या. आणि एखाद्या वाईट नात्यातून मुलाला घेऊन बाहेर पडला असाल, नव्या जागेत गादी-भांडी-दिव्यांची सोय लावून झाली असेल आणि आता घरासाठी काहीतरी मनाचं घ्यावंसं वाटत असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी लिहितेय.

कंपनीचं नाव देत नाही. या वर्गातले की-बोर्ड बऱ्याच कंपन्या बनवतात, आणि मी सांगतेय त्यातलं बहुतेक सगळं कोणत्याही नावाखालच्या की-बोर्डला लागू पडेल. आमचा काळा आहे, जेमतेम चार-साडेचार किलोचा, एक मीटरहून थोडा कमी लांब. एकटीनं काखेत मारून जिना चढता येतो. माझ्यासारखीला हे फार महत्त्वाचं, कारण घरात उचलायला-ठेवायला मीच.

घरात मी आणि माझी आठ वर्षांची लेक. आधीच्या घराबद्दल एवढंच सांगते, कारण की-बोर्डशी त्याचा थेट संबंध आहे: तिथे आवाज करायची चोरी होती. टीव्ही त्यानं ठरवलेल्या आकड्यावर. कपाटाचं दार दोन्ही हातांनी धरून लावायचं. बाहेरून कुलपात किल्ली फिरली की लेक हातातलं खेळणं खाली ठेवायची आणि त्याचाही आवाज होऊ नये म्हणून ते बोटांनी दाबून धरायची. खोकला आला तर उशीत तोंड खुपसून खोकायची. मी ते बघत होते आणि मला वाटत होतं की मूल समजूतदार आहे. लोकही म्हणायचे, किती शांत मुलगी आहे तुमची.

दुकानात गेलो तेव्हा काय घ्यायचं हे ठरलेलं नव्हतं. मांडून ठेवलेल्या की-बोर्डपाशी ती उभी राहिली आणि तिनं एका पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवून ती खाली नेली. पट्टी तळाला टेकली, आवाज आलाच नाही. दुसरी दाबली, तीही मुकी. मला वाटलं बंद असेल. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, "अगं, चालू आहे तो. जरा जोरात दाब, मोडत नाही." लेकीनं आधी माझ्याकडे पाहिलं.

असं का झालं ते नंतर वाचून कळलं, आणि खरेदी करणाऱ्यालाही ते माहीत असायला हवं. टच रिस्पॉन्सवाल्या की-बोर्डमध्ये प्रत्येक पट्टीखाली एकामागोमाग मिटणारे दोन संपर्क असतात. पहिला मिटल्यापासून दुसरा मिटेपर्यंत किती वेळ गेला, यावरून पट्टी किती वेगानं खाली गेली हे यंत्राला समजतं आणि त्यावरून स्वर लहान-मोठा होतो. बोटाचा भार नाही, वेग मोजला जातो. त्यामुळे पट्टी अगदी चोरपावलांनी खाली नेली तर स्वर निघतच नाही. माझ्या लेकीची बोटं दारं जशी लावायला शिकली होती, तशीच पट्टीवर पडत होती.

स्वस्तातल्या काही की-बोर्डमध्ये ही सोय नसते. हळू दाबा की जोरात, आवाज एकच. दुकानात हे तपासायला दोन सेकंद लागतात: एकच पट्टी हळू आणि मग जोरात वाजवून बघा. फरक कळला नाही तर तो घेऊ नका, बाकी कितीही बटणं असली तरी. पियानोचा सगळा जीवच त्यात आहे. त्याच्या आधीच्या हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्याच वाद्यात तार छेडली जायची, त्यामुळे बोटाच्या जोरानं आवाजात फारसा फरक पडत नसे. फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी असलेल्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं तारेवर हातोडी मारणारं वाद्य बनवलं. १७०० सालच्या यादीत त्याची नोंद सापडते. हार्पसिकॉर्डला जे जमत नव्हतं, म्हणजे वाजवणाऱ्याच्या बोटात जे आहे ते आवाजात उतरणं, ते यात जमलं. आपल्या या प्लास्टिकच्या वाद्यात त्याचीच नक्कल आहे, आणि शिकणाऱ्या मुलासाठी ती नक्कल पुरेशी चांगली आहे.

हा प्रतिसाद किती नाजूक ठेवायचा हेही सेटिंगमध्ये बदलता येतं. बहुतेकांत सॉफ्ट, मीडियम, हार्ड आणि बंद असे पर्याय असतात. सुरुवातीला मी सॉफ्ट ठेवलं, म्हणजे हलक्या बोटालाही भरपूर आवाज मिळतो. तिला कळू दिलं नाही. आपण दाबलं की वाजतं, हे आधी तिच्या बोटांना पटायला हवं होतं. मग कधीतरी मीडियमवर आणलं.

मागच्या बाजूला यूएसबीचं तोंड असतं, ते जरूर वापरा. की-बोर्ड कॉम्प्युटरला जोडला की मिडीच्या भाषेत प्रत्येक स्वराची नोंद होते. मिडी म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १९८३मध्ये आलेली पद्धत, आजही तीच चालते. त्यात स्वर किती वेगानं दाबला याला १ ते १२७ मधला आकडा मिळतो. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मी सहज म्हणून तिचं वाजवणं साठवत गेले. पहिल्या पहिल्या फायली उघडल्या की सगळे आकडे वीस-तिशीत, एका सरळ रेषेत दबून बसलेले. अलीकडच्या फायलींत शंभर, एकशे दहा दिसतात, मध्येच चाळीस, मग पुन्हा नव्वद. जिथे चाळीस आहे तिथे तिला शिकवणाऱ्या सरांनी "इथे हळू" असं पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. म्हणजे ती आता हळू वाजवते ती गाण्याला तसं हवं म्हणून. त्या दोन फायली शेजारी शेजारी उघडून मी कितीतरी वेळ बसले होते. बाहेर पडण्याचा निर्णय बरोबर होता का, असं मला अनेकांनी अनेक प्रकारे विचारलं आहे. त्यांना दाखवावं असं माझ्याकडे एवढंच आहे, आणि मला ते पुरतं.

आता जागेबद्दल. घरी आणल्यावर कुठे ठेवायचा हा प्रश्न आला आणि मी सवयीनं कोपरे शोधायला लागले: बेडरूममध्ये, दाराआड, कुणाच्या पायात येणार नाही असं. मग लक्षात आलं, कुणाच्या पायात? तो हॉलच्या मधोमध ठेवलाय. सोफा सरकवून, खिडकीसमोर. घरात शिरलं की आधी तोच दिसतो. विचारायचं कुणाला नव्हतं, पावती लपवायची नव्हती, "हे कशाला आणलंस" याचं उत्तर रस्त्यात घोकायचं नव्हतं. पावती फ्रीजवर लावून ठेवली आहे, वॉरंटीसाठी. ज्यांच्या घरात पैशाच्या प्रत्येक कागदाची झडती झालेली नाही त्यांना यात एवढं काय वाटावं असं वाटेल. मला अजूनही ती पावती दिसली की बरं वाटतं.

एकटीनं ठरवण्याचा ताणही असतो, तो लपवत नाही. चुकलं तर दोष वाटून घ्यायला कुणी नाही, आणि खर्च एकाच पगारातून. हा घेताना मी मनात दहा वेळा बेरीज-वजाबाकी केली. पण ती बेरीज-वजाबाकी माझी होती. भीतीचा आकडा तिच्यात धरायचा नव्हता, म्हणून ती लवकर सुटली.

जे आवडलं नाही तेही सांगते. सोबत आलेल्या अडॅप्टरची वायर फारच आखूड आहे, एक्स्टेंशन बोर्ड घ्यावाच लागला. नोटेशनची वही ठेवायचं प्लास्टिकचं स्टँड डुगडुगतं आणि जाड पुस्तक ठेवलं की मागे कलतं. पट्ट्या हलक्या, स्प्रिंगवर चालणाऱ्या आहेत. यावर बोटं तयार झालेलं मूल खऱ्या पियानोवर बसलं की तिथली वजनदार पट्टी सुरुवातीला जड जाणार. शिकवणारे हे सांगतात आणि ते खरं आहे. पाच सप्तकं म्हणजे ३६ पांढऱ्या, २५ काळ्या. सुरुवातीची काही वर्षं यात आरामात निघतात, पुढे दोन्ही टोकांना हात अडतो. शेकडो वाद्यांचे आवाज दिले आहेत, त्यातले आम्ही चार-पाच वापरतो. बासरी तर बासरीसारखी वाटतच नाही. खोक्यावर छापलेल्या त्या शेकड्यांच्या आकड्याला अजिबात भुलू नका. त्याऐवजी पॉलिफनी बघा, म्हणजे एका वेळी किती स्वर गुंजू शकतात ते. ३२ वर सुरुवात होते आणि पेडल (बोट उचललं तरी स्वर गुंजत ठेवणारी पायातली कळ) दाबून भरगच्च वाजवलं तर आधीचे स्वर मध्येच तुटतात. ६४ मिळत असेल तर तो घ्या.

डेमोचं बटण ज्यांनी शोधलं त्यांना दंडवत, कारण पहिल्या आठवड्यात आमच्या घरात तेच वाजत होतं. लेक ते लावायची आणि पूर्ण आवाजात गोल गोल नाचायची. त्या यंत्राच्या पोटातून असा बँडबाजा निघू शकतो आणि तो लावला म्हणून काहीच होत नाही, याचा तिला आनंद झाला होता. ती परत परत लावून खात्री करून घेत होती. माझं डोकं दुखलं तरी मी बंद कर म्हटलं नाही. आठवड्यानं तिचं तिनंच सोडून दिलं.

दुहेरी पायांचं, एक्स आकाराचं स्टँड घेताना खालची पकड घट्ट आहे का बघा. साधं एकेरी स्टँड जोरात वाजवलं की हलतं. खुर्चीची उंची अशी हवी की कोपर पट्ट्यांच्या पातळीला येईल. आमच्याकडे तिच्यासाठी खुर्चीवर दोन जाड उशा, मी बसले की त्या जमिनीवर.

खालून एकदा बेल वाजली. रात्रीचे साडेनऊ झाले होते, लेक हेडफोन लावून वाजवत होती. दारात खालच्या मजल्यावरचे आजोबा. माझ्या पोटात गोळा आला, आधीच्या वर्षांची सवय ती. ते म्हणाले, "गाणं ऐकू येत नाही, नुसती ठकठक येते. स्टँडखाली जाड रबर टाका. आणि संध्याकाळी हेडफोन नका लावू, आम्हाला ऐकू दे की." हेडफोन लावले तरी पट्ट्या आपटण्याचा धक्का जमिनीतून खाली जातो, हे कुठल्याही जाहिरातीत लिहिलेलं नसतं. जाड मॅट टाकली, ठकठक थांबली. संध्याकाळी आता आवाज बाहेरच.

हेडफोनबद्दल आणखी. या वाद्याच्या प्रत्येक परीक्षणात हेडफोनच्या सोयीचं कौतुक असतं: मूल वाजवेल आणि घरात कुणाला त्रास होणार नाही. आमच्या घरात लेकीसाठी ही सोय मी शक्यतो वापरत नाही, मुद्दाम. तिच्यामुळे कुणाला त्रास होतो ही समजूत तिच्या मनात आधीच खोलवर बसली आहे, तिला खतपाणी नको. हेडफोन माझ्या कामाला येतात. ती झोपली की मी बसते. घेताना जॅक बघून घ्या, काही ठिकाणी छोटा ३.५ मिलीमीटरचा असतो, काही ठिकाणी जाडा ६.३५चा, मग जोडणी घ्यावी लागते. आणि वायरचेच हेडफोन घ्या. ब्लूटूथवर पट्टी दाबल्यानंतर स्वर किंचित उशिरा कानात येतो आणि ताल धरताच येत नाही.

मी शिकतेय, हो. माझा डावा हात अजून उजव्याचंच ऐकतो, दोन्ही वेगवेगळं करायला गेले की दोन्ही थांबतात. पण रात्री साडेदहा ते अकरा हा वेळ माझा आहे. त्या वेळात मी कुठे आहे, कुणाशी बोलतेय, दिवा का चालू आहे, हे कुणी विचारत नाही. कपड्यांचा ढीग सोफ्यावर घडीविना पडलेला असतो आणि मी त्याच्याकडे पाठ करून स्केल वाजवत असते. ढीग सकाळीही तिथेच असतो, आणि सकाळही चांगली जाते.

वीज गेली तरी वाजतो, ही गोष्ट मला फार आवडली. खाली सहा डबल-ए सेल बसतात. एकदा सगळा मजला अंधारात होता, मेणबत्तीपाशी बसून आम्ही तिचं शाळेतलं गाणं बसवत होतो. तिथेच ट्रान्सपोजचं, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवणारं, बटण कळलं. माझा सा पांढरी पाचवर बसतो, तिचा काळी पाचवर. तिच्या पट्टीत मी किंचाळते, माझ्या पट्टीत तिचा आवाज तळाला जातो. ट्रान्सपोज तीननं वर नेलं की मी शिकलेल्या त्याच पट्ट्या दाबते आणि वाजतं तिच्या सुरात. बोटं बदलावी लागत नाहीत. एक कडवं तिच्या पट्टीत, एक माझ्या, असं आमचं चालतं. तिच्या कडव्याला मी गप्प बसायचं, असा तिचा नियम आहे, आणि तो ती मोठ्या आवाजात सांगते.

सस्टेन पेडल वेगळं घ्यावं लागतं. चपटं, स्वस्त पेडल पायाखालून सटकतं आणि मूल वैतागतं. वजनदार, खाली रबर असलेलं घ्या. उलटं चालत असेल, म्हणजे पाय ठेवल्यावर आवाज तुटत असेल, तर बिघडलं समजू नका. की-बोर्ड बंद करा, पेडल लावलेलंच ठेवून आणि त्यावर पाय न ठेवता पुन्हा चालू करा. बऱ्याच की-बोर्डना सुरू होताना पेडल कोणत्या बाजूचं आहे ते ओळखता येतं. तसंच, अर्धा तास कुणी हात लावला नाही तर तो आपोआप बंद होतो. हेही बिघाड नाही, सेटिंगमधून बदलता येतं.

संध्याकाळी लेकीजवळ माझी मावशी असते. मी कामावरून येते तेव्हा जिन्यातच ऐकू येतं, कुठली ओळ चालू आहे आणि ती कुठे अडकतेय ते. मी कुलपात किल्ली फिरवते. आतलं वाजणं थांबत नाही. दार उघडून आत येते, चपला काढते, पिशवी ठेवते, तरी तिची पाठ माझ्याकडेच, आणि ती ओरडून सांगते, "आई, थांब, हे संपू दे!" या वाद्याला मी पाचपैकी किती तारे द्यावेत असं विचाराल तर आखूड वायर, डुगडुगतं स्टँड आणि बासरी धरूनही पाच.

जुना घेत असाल तर दोन गोष्टी सोडू नका. ६१च्या ६१ पट्ट्या एकेक करून, एकदा हळू आणि एकदा जोरात वाजवा. एखादी हळू दाबली तरी एकदम मोठ्यानं वाजत असेल तर तिच्या खालचे संपर्क गेलेत किंवा त्यांत धूळ आहे. आणि हेडफोन लावून वायर जॅकपाशी हलवून बघा, खरखर आली तर जॅक ढिला झालाय. दोन्ही दुरुस्त होतात, पण मग किंमत त्या मानानं कमी करून घ्या.

आम्हाला पुढे ८८ पट्ट्यांचा लागणार, सरांनी सांगून ठेवलंय. त्याला साधारण १३५ सेंटीमीटर जागा लागते आणि वजन बारा किलोच्या आसपास, म्हणजे तो काही काखेत मारून येणार नाही. भिंत मोजून झाली आहे, पैसे साठायला वेळ आहे. हा विकून त्यात भर घालावी असा माझा विचार होता. लेकीनं साफ नाही म्हटलं. हा आईच्या खोलीत जाणार आणि रविवारी दोन्ही एकदम वाजणार, असं तिनं ठरवून टाकलंय.